ग्राफिक्सच्या कामासाठी व्हिडिओ कॅमेरा निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात मोशन ग्राफिक्सचं काम करते. दुसऱ्यांनी शूट केलेलं फुटेज माझ्याकडे येतं आणि त्यात मी अक्षरं, नकाशे, आकृत्या बसवते. कधी माणसामागचा अख्खा देखावाच बदलते. त्यामुळे कॅमेऱ्याशी माझी गाठ शूटिंगच्या दिवशी पडत नाही, त्याची फाइल माझ्या टाइमलाइनवर येते तेव्हा पडते. कॅमेरा घ्यायला निघालेले विद्यार्थी, लग्नाची कामं करणारे, कॉलेजात छोटा स्टुडिओ उभारणारे शिक्षक मला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ग्राफिक्स तर कॉम्प्युटरवर होतात. मग कॅमेरा कुठला का असेना, काय फरक पडतो?

मुलाखत देणाऱ्याच्या नावाची पट्टी खाली टाकायची असेल, तर काहीच फरक पडत नाही. हातात असेल तो कॅमेरा वापरा. ग्राफिक चित्रावर चिकटवायचं नसून चित्राच्या आत शिरवायचं असेल, तिथून फरक सुरू होतो. क्रोमाच्या (म्हणजे नंतर काढून टाकायच्या हिरव्या किंवा निळ्या) पडद्यासमोरचा माणूस कापून दुसरीकडे ठेवायचा, चालत्या शॉटमध्ये वाड्याच्या भिंतीवर अक्षरं रंगवल्यासारखी बसवायची, हातातल्या मोबाईलची स्क्रीन बदलायची, अशा वेळी कॉम्प्युटर तुमच्या फुटेजमधला पिक्सेल न् पिक्सेल तपासतो. त्याला तीन गोष्टी लागतात : कडांपाशी रंगाची नेमकी माहिती, एकाच क्षणी टिपलेली पूर्ण फ्रेम, आणि शॉट संपेपर्यंत स्वतःहून काहीही न बदलणारा कॅमेरा. जाहिरातीत ज्या गोष्टी मोठ्या अक्षरांत छापतात, त्यांत या तीन सहसा नसतात.

४के घ्यावा, ६के घ्यावा की थेट ८के?

४के पुरतो, आणि तुमचं काम शेवटी एचडीत जाणार असलं तरी ४केच घ्या. कारण थोडं आकड्यांचं आहे. साध्या कॅमेऱ्यात रंगाची माहिती ब्राइटनेसच्या मानाने पातळ साठवलेली असते. ४केच्या, म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेलच्या चित्रात रंगाचे नमुने १९२० बाय १०८० एवढेच असतात. तेच चित्र एचडीच्या (१९२० बाय १०८०) टाइमलाइनवर लहान करून घेतलं, की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. ‘की’ काढताना, म्हणजे पडद्याचा रंग काढून माणूस वेगळा करताना, कडा एकदम सुधारतात. शिवाय फ्रेम थोडी सरकवायला जागा उरते.

६के हाताशी असेल तर चांगलंच. ८केची फाइल पेलणारं मशीन आणि डिस्क आधी घरात असू द्या.

८ बिट, १० बिट, ४:२:०, ४:२:२ ही काय भानगड आहे?

माझ्या दृष्टीने कॅमेरा निवडण्याचा हाच मुख्य निकष आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. ठिपके सगळे काढलेत, पण रंग भरताना शेजारच्या चार ठिपक्यांत मिळून एकच चिमूट टाकली. हे ४:२:०. शेजारच्या दोघांत मिळून एक चिमूट टाकली, तर ४:२:२. ठिपक्यागणिक वेगळी चिमूट म्हणजे ४:४:४. लांबून बघणाऱ्याला तिन्ही रांगोळ्या सारख्याच दिसतात. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका कळत नाही, आणि त्याच भरवशावर फाइल लहान ठेवलेली असते. पण की काढणारं सॉफ्टवेअर लांबून बघत नाही. हिरवा कुठे संपला आणि केस कुठे सुरू झाला, हे त्याला रंगावरूनच ठरवायचं असतं. तिथे चार पिक्सेलांना एकच रंग असेल, तर कडेला पायऱ्या पडतात.

बिटचं गणित वेगळं. ८ बिटमध्ये लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळच्या आकाशाचा रंग थोडा ओढला की ८ बिटमध्ये पट्टे दिसू लागतात. ग्राफिक्सवाला रंग ओढतोच, कारण त्याला कॅमेऱ्यातला माणूस आणि कॉम्प्युटरमधला देखावा एका उजेडात आणायचे असतात.

एक लावणीचा शॉट आठवतो. नऊवारी, अंबाड्यावर गजरा, गिरकी घेताना मानेवर सुटलेल्या बटा, नाकात मोत्यांची नथ. फुटेज एचडी, ८ बिट, ४:२:०, वर भरपूर दाबलेलं. प्लेअरवर सुंदर दिसत होतं. की काढली आणि बटांच्या जागी चौकोनी तुकडे उरले. नथ तर अर्धी गेली, कारण प्रत्येक मोत्यात समोरचा हिरवा पडदा उतरला होता. अकरा सेकंदांच्या शॉटला मी चार दिवस रोटो करत बसले, एकेक फ्रेम हाताने कापत. उरलेला भाग १० बिट ४:२:२ वर पुन्हा शूट केला आणि नर्तिकेला पडद्यापासून दहा फूट पुढे आणलं. त्याची की एका दुपारीत निघाली.

म्हणून माझा सल्ला पक्का आहे : कॅमेऱ्याच्या आतच १० बिट ४:२:२ रेकॉर्ड होत असेल, तरच तो क्रोमाच्या कामासाठी विकत घ्या. काही जुने कॅमेरे आत ८ बिटच रेकॉर्ड करतात, पण एचडीएमआयमधून १० बिट ४:२:२ बाहेर देतात. असा कॅमेरा आधीच हाताशी असेल, तर बाहेरचा रेकॉर्डर जोडून काम भागतं.

पडदा हिरवा लावावा की निळा?

बहुतेक वेळा हिरवा. सेन्सरवरच्या रंगीत जाळीत दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. एचडीच्या रंगमानकात ब्राइटनेसचा सुमारे ७२ टक्के वाटाही हिरव्याकडूनच येतो. म्हणजे हिरव्यात माहिती जास्त, दाणे (नॉइज) कमी, आणि पडदा उजळायला लाईटही कमी लागतात.

पण आपल्याकडे नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो. हिरव्या पडद्यासमोर तो चुडा गायब होतो आणि मनगटं हवेत तरंगतात. हिरव्या काठाची पैठणी, तुळस, केळीचे खांब, विड्याची पानं, यांपैकी काहीही फ्रेममध्ये असेल तर निळा पडदा लावा आणि लाईट वाढवा, कारण निळ्यात दाणे लवकर दिसतात. शूटच्या आदल्या दिवशी फोन करून कपड्यांचे रंग विचारून घ्या. एवढ्याने पुढची बरीच मेहनत वाचते.

कॅमेऱ्यात शार्पनेस वाढवला तर की सोपी जाते का?

उलट अवघड होते. कॅमेरा चित्र धारदार दाखवायला प्रत्येक कडेला एक पातळ उजळ रेघ ओढतो. माणूस कापून दुसऱ्या देखाव्यात ठेवला की ती रेघ त्याच्याभोवती पांढुरक्या धाग्यासारखी उरते, आणि ती काढायला कड आत ढकलावी लागते, म्हणजे केस गेले. पिक्चर प्रोफाइलमध्ये शार्पनेस सगळ्यात खाली आणा, नॉइज रिडक्शनही कमी करा. धार नंतर देता येते, काढता येत नाही. कॅमेरा घेताना मेनूत या दोन गोष्टी खाली आणता येतात का, हे दुकानातच बघून घ्या.

रोलिंग शटर म्हणजे नेमकं काय, आणि मला त्याची काळजी का?

बहुतेक सेन्सर फ्रेम एका दमात वाचत नाहीत. वरच्या ओळीपासून खालपर्यंत ओळ न् ओळ वाचत जातात. तेवढ्यात कॅमेरा हलला, तर चित्राचा वरचा भाग एका क्षणाचा आणि खालचा दुसऱ्या क्षणाचा होतो. एसटीच्या खिडकीतून शूट केलेले विजेचे खांब तिरके दिसतात, ते यामुळेच. डोळा हे माफ करतो. ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर मात्र अख्खी फ्रेम एकाच क्षणाची आहे असं धरून कॅमेऱ्याची जागा काढतं. मग भिंतीवर बसवलेली अक्षरं भिंतीवरून किंचित घसरत राहतात, आणि कारण शोधता शोधता रात्र जाते.

ढोल-ताशा पथकाच्या जवळ उभं राहून शूट केलेल्या फुटेजमध्ये हे सगळ्यात वाईट दिसतं. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याने स्टँड थरथरतो आणि चित्र जेलीसारखं हलतं. ते नंतर सरळ करण्याची माझी आतापर्यंतची एकही खटपट मनासारखी झालेली नाही. तिथे दोन पावलं मागे सरका आणि लांबची लेन्स लावा.

दुकानातली परीक्षा सोपी आहे. कॅमेरा ४केवर ठेवा, शटर वेगवान करा, दाराच्या चौकटीसमोरून झरकन डावी-उजवीकडे फिरवा आणि रेकॉर्डिंग थांबवून थांबवून बघा. चौकट किती झुकते ते दिसेल. दोन कॅमेऱ्यांत घोळत असाल तर कमी झुकणारा घ्या.

ग्लोबल शटरचे कॅमेरे संपूर्ण फ्रेम एकदम टिपतात. रेडचा कोमोडो आणि २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनीचा ए९ थ्री ही त्यातली नावं. दोन्ही महाग आहेत. रोजच व्हीएफएक्सचं (फुटेजमध्ये कॉम्प्युटरवर बनवलेली दृश्यं मिसळण्याचं) काम असेल तर त्यांचा विचार करा, नाहीतर लागेल त्या दिवशी भाड्याने आणा.

कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन चालू ठेवावं का?

ट्रॅकिंगच्या शॉटला बंद, ट्रायपॉडवर बंद. आतला सेन्सर हात सावरायला सतत हलत असतो, म्हणजे लेन्सचा मध्य चित्राच्या मध्यावर राहत नाही, आणि ते हलणं सॉफ्टवेअरला कळायला मार्ग नसतो. सोनी आणि ब्लॅकमॅजिकचे काही कॅमेरे जायरोची (कॅमेरा किती हलला ते मोजणाऱ्या सेन्सरची) माहिती फाइलमध्ये लिहून ठेवतात. ती वापरून जायरोफ्लोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शॉट नंतर स्थिर करता येतो. मला तो मार्ग जास्त पटतो, कारण काय सावरायचं ते आपल्या हातात राहतं.

आणि वहीत लिहा : लेन्स किती मिलिमीटर, सेन्सरची रुंदी, कॅमेऱ्याची जमिनीपासून उंची, वस्तूपर्यंतचं अंतर. मोजायला टेप आणि अर्धं मिनिट लागतं. ब्लेंडर किंवा आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक सोडवताना, म्हणजे कॅमेरा कसा हलला ते शोधताना, हे चार आकडे सोन्यासारखे आहेत.

फ्रेम रेट २५ ठेवावा की ३०?

आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि बरेचसे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. सेकंदाला २५ फ्रेमला १/५० सेकंदाचं शटर ठेवलं की प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. एकदा एका सभागृहातलं व्याख्यान माझ्याकडे आलं, ते १/६० वर शूट केलेलं. मागच्या भिंतीवर काळपट पट्टे वरून खाली सरकत होते आणि मला त्याच भिंतीवर आलेख बसवायचे होते. शेवटी भिंतच नवी बनवून टाकावी लागली.

रील्ससाठी ३० हवेच असतील तरी शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. क्रोमाच्या शॉटला मी नेहमी १/१०० मागते. हात हलला की येणारा धूसरपणा कमी होतो, की स्वच्छ निघते, आणि तो धूसरपणा नंतर प्लगइनने परत देता येतो. स्वस्त एलईडी दिवे मंद केल्यावर लुकलुकू शकतात. ते पूर्ण ब्राइटनेसवर ठेवून लांब न्या.

लॉग किंवा रॉमध्येच शूट करायला हवं का?

लॉग म्हणजे मुद्दाम फिकट टिपलेलं चित्र, रॉ म्हणजे सेन्सरची जवळजवळ कच्ची माहिती; दोन्हींचे रंग नंतर बसवावे लागतात, म्हणून ते ग्रेडिंग कोण करणार आहे, यावर हे ठरतं. लॉगमध्ये उन्हातलं आकाश आणि सावलीतला चेहरा दोन्ही वाचतात, पण ते १० बिटवरच करा. ८ बिटमधला लॉग हाताळताना तुटतो. आणि लॉग अंधारा शूट करू नका. सावलीतले दाणे की काढताना मुंग्यांसारखे वर येतात. स्टुडिओत लाईट तुमच्या हातात असतील, तर नेहमीचं प्रोफाइल, १० बिट आणि बरोबर एक्स्पोजर एवढ्यावरही उत्तम काम होतं. लॉगचं फुटेज आलंच, तर आधी ते नेहमीच्या रंगात आणा आणि मग की काढा.

नेमकी मॉडेल्स सांगा ना.

ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के २०१८ मध्ये आला आणि शिकणाऱ्यांसाठी मला तो अजूनही आवडतो. ब्लॅकमॅजिक रॉ आणि प्रोरेस (एडिटिंगला सोपी पडणारी मोठी फाइल) दोन्ही देतो, यूएसबीवरून थेट एसएसडीवर लिहितो, आणि नवा घेतला तर सोबत रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स येतं. पण तो तुमच्यामागे धावत फोकस करणार नाही, आणि बॅटरी तासभरही धड पुरत नाही. ट्रायपॉडवरच्या, ठरवून केलेल्या शॉटचा हा कॅमेरा आहे. लग्नाच्या मांडवात नेऊ नका.

मांडव आणि स्टुडिओ दोन्ही करायचे असतील तर सोनीचा एफएक्स३०. २०२२ चा आहे, आत १० बिट ४:२:२, ६के वाचून त्याचं ४के बनवतो, पंखा असल्यामुळे तापून बंद पडण्याची भीती कमी, फोकस भरवशाचा. पॅनासॉनिकचा एस५ टू त्याच रांगेतला. त्याला मोठं एचडीएमआय सॉकेट आहे, ही साधी वाटणारी गोष्ट रोजच्या वापरात फार उपयोगाची ठरते, कारण बारीक सॉकेट हमखास ढिलं होतं.

पैसे अगदीच कमी असतील तर पॅनासॉनिकचा जुना जीएच५ शोधा. २०१७ चा कॅमेरा, पण १० बिट ४:२:२ आतच रेकॉर्ड करतो. फोकस हाताने करायचा आणि लाईट भरपूर द्यायचे, एवढं पाळलं की क्रोमाच्या कामात तो अजून मान खाली घालायला लावत नाही.

मोबाईलवर भागणार नाही का?

काही कामं भागतात. आयफोन १३ प्रोपासून प्रोरेस मिळतो, १५ प्रोपासून लॉगही मिळतो आणि बाहेरच्या एसएसडीवर रेकॉर्डही होतं. ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा अ‍ॅप वापरलं तर शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स हाताने बांधून ठेवता येतात. नेहमीच्या अ‍ॅपमध्ये अडचण वेगळीच येते : फ्रेम रेट शॉटमध्येच कमीजास्त होतो. मग आफ्टर इफेक्ट्समध्ये ओठ आणि आवाज यांची फारकत होते. असं फुटेज आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एकसारख्या फ्रेम रेटवर काढून घ्या.

मातीच्या बाहुल्या, कागदी कटआउट हलवून अ‍ॅनिमेशन करायचं आहे. त्याला कोणता?

व्हिडिओ कॅमेरा नकोच. साधा जुना डीएसएलआर घ्या आणि एकेक फोटो काढा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमाराला कुंडीतलं वाटाण्याचं रोप थोडं थोडं टिपत वाढताना दाखवलं होतं, आणि ते पाहून लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला. तंत्र आजही तेच आहे. फक्त लेन्स अशी हवी, जिचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) हाताने रिंग फिरवून बसतं. इलेक्ट्रॉनिक लेन्स दर फोटोला अ‍ॅपर्चर उघडते-मिटते, आणि एका केसाचा फरक पडला तरी चित्र लुकलुकतं. बॅटरीऐवजी अ‍ॅडॅप्टर लावा, म्हणजे बॅटरी बदलताना बाहुलीला धक्का लागणार नाही.

कार्ड आणि कॉम्प्युटर कसा लागेल?

कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल तर तासाला ४५ जीबी लागतात, ४०० मेगाबिटला १८० जीबी, आणि ४केच्या प्रोरेस ४२२ एचक्यूला २५ फ्रेमवर साधारण ३३२ जीबी. कार्डावरचा व्ही३०, व्ही६०, व्ही९० हा आकडा सेकंदाला किमान किती एमबी लिहिलं जाईल ते सांगतो. सेकंदाला ४०० मेगाबिट म्हणजे ५० एमबी, म्हणून तिथे व्ही६० च्या खाली जाऊ नका.

एच.२६५ या दाबलेल्या फाइल-प्रकारातलं १० बिट ४:२:२ बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना नीट उघडत नाही. अ‍ॅपलच्या एम मालिकेला, इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या ग्राफिक्सला आणि एनव्हीडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेला ते जमतं. बाकीच्यांनी प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती हलकी नक्कल, बनवून घ्यावी. कॅमेरा घेण्याआधी त्याची एक नमुना फाइल आपल्या मशीनवर चालवून बघा.

पैसे मोजकेच आहेत. कशावर किती घालू?

निम्म्याहून जास्त कॅमेऱ्याच्या बॉडीवर घालू नका. आधी पडद्यासाठी दोन आणि माणसासाठी दोन मऊ लाईट, मग जड ट्रायपॉड, मग एक चांगली लेन्स. सारखा उजळलेला, सुरकुती नसलेला पडदा आणि मध्यम कॅमेरा, हे महागड्या कॅमेऱ्यापुढच्या चुरगळलेल्या पडद्यापेक्षा कितीतरी बरं. घेण्याआधी तोच कॅमेरा दोन दिवस भाड्याने आणून स्वतःचं खरं काम त्यावर करा. हा खर्च वाया जात नाही.

जुना कॅमेरा घेताना काय बघायचं?

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा ओळखीतून घेत असाल, तरी दिवसाउजेडी जा. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा आणि पुढून तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये ती पुष्कळदा असते. आपल्याकडे आणल्यावरही पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्के.

एचडीएमआयची पिन हलवून बघा. मग लेन्सला झाकण लावून मिनिटभर रेकॉर्ड करा आणि फाइल मोठ्या स्क्रीनवर चालवा. काळ्यात एखादा पांढरा किंवा लाल ठिपका जागचा हलत नसेल, तर सेन्सरवरचा तो पिक्सेल बिघडला आहे. लग्नाच्या व्हिडिओत तो कुणाला दिसणार नाही, पण ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर सगळं चित्र हलत असताना नेमकं त्या न हलणाऱ्या ठिपक्याला चिकटतं. मेनूत पिक्सेल मॅपिंग (बिघडलेले पिक्सेल झाकण्याची सोय) असेल तर विक्रेत्याला तिथेच चालवायला सांगा आणि पुन्हा एकदा झाकण लावून बघा.